लामांचं माळरान आणि किनोआचा भाव

बोलिव्हियाच्या दक्षिण पठारावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किनोआ हे बारीक दाण्याचं धान्य पेरणारा शेतकरी आभाळाकडे बघत नाही, पायाखाली बघतो. वरची रेती कोरडी ठणठणीत असते. ती बाजूला सारत ओल लागेपर्यंत खाली जायचं; कधी वीतभर, कधी दीड वीत. ओल लागली की चिमूटभर दाणे टाकायचे, वर ओलीच माती लोटायची आणि एक मोठं पाऊल सोडून पुढचा खड्डा खणायचा. खड्डा काठोकाठ भरत नाहीत, म्हणजे कोवळं रोप आडोशाला राहतं. त्यावर गवताची किंवा झुडपाच्या फांदीची टोपी घालायची, नाहीतर वाऱ्यानं उडालेली रेती रोपाला जिवंत गाडते.

ही ओल त्या हंगामाची नसतेच. पाऊस पडतो डिसेंबर ते मार्च. त्या पावसात जमीन फोडून ठेवायची, पाणी मुरू द्यायचं, अख्खा हिवाळा रान रिकामं ठेवायचं आणि मुरलेल्या ओलीवर सप्टेंबरात पेरायचं. काढणी पुढच्या एप्रिल-मेमध्ये. म्हणजे दोन वर्षांत एक पीक. वर्षाकाठी पाऊस जेमतेम दीडशे ते तीनशे मिलिमीटर, उंची साडेतीन हजार मीटरच्या वर, आणि वर्षातल्या दोनशेहून जास्त रात्री दहिवर गोठवणारी थंडी. उयुनी आणि कोइपासा या दोन मिठागरांच्या मधला आणि भोवतालचा हा पट्टा. ओरुरो आणि पोतोसी या दोन विभागांत तो विभागलेला आहे. जगात इतक्या कोरड्या आणि थंड जागी निव्वळ पावसावर धान्य पिकवणारी माणसं फार नाहीत.

या पट्ट्यातल्या किनोआची गोष्ट गेल्या दहा-पंधरा वर्षांत दोन प्रकारांनी सांगितली गेली. एक, परदेशी ग्राहकांमुळे गरीब शेतकऱ्याचं नशीब उजळलं. दोन, परदेशी ग्राहकांनी गरिबाच्या ताटातलं धान्य पळवलं. दोन्ही गोष्टी ताटाभोवती फिरतात. मला यात जमिनीचं काय झालं ते बघायचं आहे, कारण भाव चढला, पडला, पण जमीन त्याच्याबरोबर वर-खाली झाली नाही. ती एकाच दिशेनं गेली.

आधीची घडी कशी होती ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोंगरउतारावर किनोआ आणि खाली सपाटीवर लामा, अशी ती विभागणी होती. (हा लामा म्हणजे उंटाच्या कुळातला, लोकर आणि मांस देणारा, ओझी वाहणारा प्राणी.) उतारावर शेती करण्याचं कारण हौस नव्हे. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घरंगळत खाली सपाटीवर साचते. त्यामुळे दहिवरानं पीक जळण्याचा धोका खाली जास्त, वर कमी. सपाटीवर तोला नावाची चिवट, तेलकट पानांची झुडपं आणि खुरटं गवत. लामा ते खायचे आणि त्यांचं लेंडीखत वर शेतात जायचं. लामांना एकाच जागी लेंड्या टाकायची सवय असते, त्यामुळे खत गोळा करणं सोपं.

गावाची जमीन सामाईक. कुटुंबाकडे कसण्याचा हक्क, विकण्याचा नाही. बऱ्याच गावांत शिवाराचे दोन भाग पाडलेले असत. एका भागात यंदा पीक, दुसरा भाग सगळ्यांच्या जनावरांना मोकळा, आणि पाळी बदलायची. उतारावरच्या शेतात काही पिकं घेतली की ते शेत वर्षानुवर्षं पड. बाहेरच्या माणसाला हे पड रान म्हणजे आळस वाटेल. पण जिथे मातीत सेंद्रिय अंश जवळपास नाहीच आणि ओल साठायलाही वर्ष लागतं, तिथे पड हाच पिकाचा अर्धा भाग असतो.

किनोआला तेव्हा बाजारात किंमत नव्हती. चाकवताचा हा चुलतभाऊ. दाण्यावर सॅपोनिन नावाचा कडू थर असतो, पाण्यात चोळला की साबणासारखा फेस येतो. तो काढायचं काम बायकांचं. दाणे भाजायचे, खळगा कोरलेल्या दगडात घालायचे आणि त्यात उभं राहून पायांनी रगडायचे, मग पाखडायचे, मग पुन्हा पुन्हा धुवायचे. काही किलो दाण्यांसाठी अर्धा दिवस सहज जातो. दुसरीकडे १९५० च्या दशकापासून अमेरिकेचा मदतीचा गहू बोलिव्हियात येत होता. पाव आणि शेवया शहरात स्वस्त मिळत, किनोआ म्हणजे अडाण्यांचं खाणं ठरलं. गावकऱ्यांनी घरचा किनोआ कमी केला तो भाव वाढल्यावर नव्हे. त्याच्या कितीतरी आधी, स्वस्त शेवया आल्यावर. ताटाची गोष्ट सांगणारे हा भाग नेहमी गाळतात.

ट्रॅक्टर आला १९७० च्या दशकात. ट्रॅक्टर उभ्या डोंगरउतारावर चढत नाही, सपाटीवर चालतो. तव्याच्या नांगरानं एका दिवसात जेवढी सपाटी फुटायची, तेवढी एखादं कुटुंब हातानं वर्षभरातही फोडू शकलं नसतं. आणि इथे एक जुना नियम नव्या अर्थानं लागू झाला. जो पडीक जमीन पहिल्यांदा फोडतो, कसण्याचा हक्क त्याचा. हातानं खणायच्या काळात हा नियम अगदी न्याय्य होता, कारण कोणी फार खणूच शकत नसे. कुटुंबाच्या मनगटात जेवढा जोर तेवढीच जमीन. ट्रॅक्टर आल्यावर ती मर्यादाच गेली आणि नियम मात्र तसाच राहिला. लामांची सामाईक कुरणं ज्याच्याकडे डिझेलचे पैसे त्याच्या नावावर जाऊ लागली, तीही कोणाशी भांडण न करता, रीतसर. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. अमेरिकेतला ग्राहक नंतर आला.

१९८३ मध्ये किनोआ उत्पादकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, नाव अनापकी. दलालांना वगळून थेट निर्यात करायची, सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवायचं, हा त्यांचा खटाटोप. १९८५ मध्ये कथिलाचा जागतिक भाव कोसळला, त्याच वर्षी सरकारनं आर्थिक फेररचना केली आणि सरकारी खाणींतले वीस हजारांहून जास्त कामगार घरी बसले. त्यातले काही आपापल्या गावी परतले. युरोप-अमेरिकेत सेंद्रिय धान्याची दुकानं वाढत होती. दोन्ही टोकं हळूहळू जुळत गेली.

या हळूहळूचं पुढे एकदम झालं. २००० च्या सुमारास बोलिव्हियात किनोआखाली पस्तीस-छत्तीस हजार हेक्टर जमीन होती. तेजीच्या शिखरावर ती लाखाच्या पलीकडे गेली. २००८ नंतर भाव चढू लागला. बोलिव्हियाच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे आंतरराष्ट्रीय किनोआ वर्ष जाहीर केलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस स्वतः ओरुरोच्या पठारावर लामांमागे वाढलेले. ते या वर्षाचे विशेष राजदूत झाले. २०१४ मध्ये देशाची किनोआ निर्यात जवळपास २० कोटी डॉलरवर पोचली. निर्यातीचा सरासरी भाव किलोला साडेसहा डॉलरच्या आसपास.

एका हेक्टरचा हिशेब मांडून बघू. तिथला क्विंटल ४६ किलोचा, आपला शंभराचा डोक्यात धरू नका. हेक्टरी उत्पन्न साधारण सहाशे किलो, म्हणजे तेरा क्विंटल. चाल्यापाता या गावच्या आठवडी बाजारात भाव ठरायचा, आणि तो शिखरावर क्विंटलला दोन हजार बोलिव्हियानोच्या घरात होता. म्हणजे हेक्टरी सव्वीस हजार बोलिव्हियानो, तेव्हाच्या दरानं साडेतीन हजार डॉलरहून जास्त. खर्च वजा करूनही ज्या घरानं दहा हेक्टर सपाटी फोडली त्याच्या हातात खाणीत अनेक वर्षं राबून मिळाले नसते इतके पैसे एका हंगामात आले. (चाल्यापाता तेव्हा आणखी एका मालासाठी प्रसिद्ध होतं: चिलीतून विनापरवाना आणलेल्या मोटारी. किनोआचे पैसे तिथल्या तिथेच कशात गेले असतील याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही.) अशा वेळी शेजाऱ्यानं शेत पड ठेवावं ही अपेक्षा करणारा माणूस एक तर संत असेल, नाहीतर त्याला स्वतःचं शेत नसेल.

आता लामांकडे या. लामा रोज माणूस मागतो. सकाळी सोडा, संध्याकाळी गोळा करा, कोल्ह्यापासून राखा. किनोआ वर्षातून काही फेऱ्या मागतो: नांगरट, पेरणी, किडीच्या वेळी एक-दोन खेपा, काढणी. या फरकानं गावाची रचनाच बदलली. गाव सोडून ओरुरो, उयुनी, ला पाझ किंवा चिलीतल्या खाणींच्या शहरांत गेलेल्या लोकांना इथल्या बोलीत ‘रेसिदेंतेस’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘रहिवासी’, प्रत्यक्षात जे राहत नाहीत ते. गावातच राहणारे ते ‘एस्तांतेस’. तेजी आली तसे हे रहिवासी परतले, म्हणजे पेरणीला आणि काढणीला परतले. गावचे असल्यानं त्यांचा हक्क होता, शहरातल्या कमाईमुळे हातात ट्रॅक्टरचं भाडं होतं, आणि दारात एकही लामा नव्हता. त्यांनी फोडलेल्या जमिनीला खत कुठून येणार? राहणाऱ्यांनीही हिशेब केला आणि कळप कमी केले. चरायला सपाटी उरली नव्हती, राखायला पोरं उरली नव्हती. ज्या सेंद्रिय प्रमाणपत्रावर सगळा भाव उभा होता त्याला शेणखत-लेंडीखत हवं, आणि खत मात्र लांबच्या गावांतून ट्रकनं विकत आणावं लागू लागलं.

सपाटीचं काय झालं ते डोळ्यांनी दिसण्यासारखं आहे. तोलाची मुळं रेतीला धरून ठेवतात आणि झुडूप वाऱ्याला अडवतं. तव्याचा नांगर झुडूप मुळासकट उलथतो आणि खालची माती वर आणतो. ऑगस्टपासून इथे वारा सुटतो, नेमका तेव्हा रान उघडं आणि मोकळं असतं. मातीचे बारीक कण उडून जातात, उरते ती भरड रेती, आणि तीच पुढे उगवत्या रोपांवर येऊन पडते. मग दुबार पेरणी, कधी तिबार. भर म्हणून पुष्कळ ठिकाणी किनोआ विळ्यानं कापण्याऐवजी उपटून काढतात. उपटणं सोपं, पण मुळंही शेताबाहेर जातात. एकच पीक मैलोन्‌मैल पसरल्यावर दाणे आणि फुलोरा पोखरणाऱ्या पतंगांच्या अळ्यांना वर्षभराची मेजवानी. दोन पिकांमधली वर्षं कमी झाली ते वेगळंच.

२०१२ मध्ये या पट्ट्यात जमिनीवरून दोन बाजूंच्या शेतकऱ्यांत मारामारी झाली, गोफणी आणि डायनामाइटच्या कांड्या घेऊन. डझनावारी जखमी. खाणकामगारांच्या मुलखात डायनामाइट घरात असतं, हे खरं. पण भांडण ज्या रानावरून होतं ते काही वर्षांपूर्वी कोणालाच नको होतं.

अभ्यासकांचंही एकमत झालं नाही. डॅनिश कृषिशास्त्रज्ञ स्वेन-एरिक याकोबसेन यांनी २०११ मध्ये लिहिलं की दक्षिण बोलिव्हियातलं आर्थिक यश पर्यावरणाच्या संकटाकडे चाललं आहे, उत्पादकता घसरते आहे. पुढच्याच वर्षी थिएरी विंकेल आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं: घसरणीचे आकडे कच्चे आहेत, चित्र भडक आहे, आणि सुचवलेले उपाय गावाची स्वतःची जमीन-व्यवस्था लक्षातच घेत नाहीत. वाद वाचताना मला विंकेल यांची बाजू जास्त पटली, म्हणजे सगळं आलबेल आहे म्हणून नव्हे. बिघाड मातीत दिसत असला तरी तो झाला कुरणाच्या नियमात, आणि नियमातला बिघाड नुसत्या सुधारित अवजारानं दुरुस्त होत नाही, एवढ्यासाठी.

ताटाच्या वादाबद्दलही दोन वाक्यं. ‘बोलिव्हियातल्या गरिबाला आता किनोआ परवडत नाही’ अशा बातम्या २०१३ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रांत गाजल्या आणि परदेशातले सज्जन ग्राहक अपराधी वाटून घेऊ लागले. पुढे अर्थशास्त्रज्ञ मार्क बेलमार आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या पेरूमधल्या कुटुंबांच्या खर्चाची आकडेवारी तपासली, तेव्हा भाव चढत असताना किनोआ खाणाऱ्या घरांचंही एकंदर बरंच चाललं होतं असं दिसलं. हे पेरूचं, बोलिव्हियाचं नाही, एवढं ध्यानात ठेवून सांगतो: त्या अपराधी वाटण्यानं लामांचं कुरण वाचलं नसतं.

भाव पडला तो पेरूमुळे. पेरूनं किनोआ समुद्रकिनाऱ्यावर नेला. तिथे पाट-पाणी, रासायनिक खतं, औषधं, आणि हेक्टरी उत्पन्न दक्षिण पठाराच्या कित्येक पट. २०१३ मध्ये पेरूचं उत्पादन ५२ हजार टन होतं, २०१४ मध्ये ते १ लाख १४ हजार टनांवर गेलं. एका वर्षात दुप्पट. त्यातल्या काही मालात कीटकनाशकांचे अंश सापडले म्हणून अमेरिकेनं तो परतही पाठवला, पण बाजार तोवर भरला होता. बोलिव्हियाची निर्यात २०१५ मध्ये जवळपास निम्म्यावर, सुमारे १०.७ कोटी डॉलरवर आली. चाल्यापात्यात दोन हजाराचा क्विंटल साडेतीनशे-चारशेला विचारेनासे झाले. तेच हेक्टर, तेच तेरा क्विंटल, आणि हातात पाच हजाराच्या आत-बाहेर. ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, विकतचं खत वजा करा. त्यात पेरूचा स्वस्त माल चोरवाटेनं बोलिव्हियात येऊ लागला.

दक्षिण पठाराचा किनोआ, ‘रेआल’ म्हणजे राजस जात, दाण्यानं टपोरा असतो. पण पुडीत भरल्यावर आणि शिजल्यावर बहुतेक ग्राहकांना फरक कळत नाही. दोन वर्षांत एकदा येणारं, लेंडीखतावरचं, हातानं काढलेलं धान्य आणि पाटाच्या पाण्यावरचं धान्य एकाच फळीवर एकाच नावानं उभं राहिलं, की स्वस्त तेच जातं. ग्राहक दाण्याचे पैसे देतो. पड ठेवलेल्या वर्षाचे पैसे कोणीच देत नाही, आणि कोरडवाहू शेतीत खरा खर्च त्या रिकाम्या वर्षाचा असतो. सेंद्रिय प्रमाणपत्र काय टाकलं नाही याची ग्वाही देतं. कुरण किती उरलं हे त्यातून कळत नाही. माझा या प्रमाणपत्रांवर राग नाही, पण कोरड्या मुलखासाठी ती अर्धवट आहेत.

भाव पडल्यावर जमीन परत कुरण झाली असेल, असं कागदावर वाटतं. पुरवठा-मागणीच्या आलेखात रेघ जशी वर जाते तशी खाली येते. पण सपाटीवरून उपटलेला तोला भाव पडला म्हणून उगवत नाही. इतक्या थंडीत आणि इतक्या कमी पावसात झुडूप वाढायला वर्षामागून वर्षं लागतात. विकलेला कळप एका हंगामात उभा राहत नाही. शहरात शिकायला गेलेली पोरं लामा राखायला परतत नाहीत. उलट भाव पडल्यावर काहींना तेवढ्याच पैशासाठी जास्त जमीन पेरावी लागते.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. प्रोइन्पा या बोलिव्हियन संशोधन संस्थेनं तोलाची रोपवाटिका केली, पड रानात पेरायला रानटी ल्युपिन, म्हणजे नत्र धरणारी शेंगवर्गीय झुडपं, गोळा करून वाढवली, पतंगांसाठी कामगंध सापळे आणले. सालिनास दे गार्सी मेंदोसा भागातल्या काही गावांनी सभा घेऊन स्वतःचे नियम लिहून काढले: नांगरलेल्या पट्ट्यांमध्ये तोलाचे पट्टे राखायचे, ठरलेली वर्षं पड पाळायची, कुटुंबामागे नांगरटीला मर्यादा, चढावर ट्रॅक्टर नाही. बाहेरच्या तज्ज्ञानं सांगितलेल्या दहा सूचनांपेक्षा मला या वह्या जास्त मोलाच्या वाटतात, कारण फोडेल त्याचा हक्क या नियमाला हात घालायचा अधिकार फक्त गावसभेला आहे.

आणि तिथेच गाडी अडते. सभेला हजर असतात गावात राहणारे. जमीन फोडलेल्यांत बरेच रेसिदेंतेस. गावाचा हक्क टिकवायचा तर गावची पाळीची कामं, जबाबदाऱ्या, पदं निभवावी लागतात, अशी जुनी रीत आहे. ती आता ताणून धरायची म्हटलं तर शहरात नोकरी करणारा भाऊ म्हणतो, मी काढणीला आलो, वर्गणी भरली, आणखी काय हवं? शिवाय वापरात नसलेल्या जमिनीवरचा हक्क सैल होतो. चार वर्षं पड ठेवलेलं रान शेजाऱ्याला सोडून दिलेलं वाटू शकतं, आणि ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायला त्याला एकच दिवस लागतो. म्हणून भाव नसतानाही नांगर फिरवून ठेवलेला बरा. दाण्यांसाठी नव्हे, नांगराची खूण दिसावी म्हणून.